कीटकांना पंख आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्ष्याचा पंख म्हणजे बदललेला हात. वटवाघळाचाही तसाच. कीटकाचं मात्र असं एका वाक्यात सांगता येत नाही. त्याचे सहाच्या सहा पाय जागेवर आहेत, आणि वर पाठीवर वेगळेच चार पंख आहेत. ते शरीराच्या कोणत्या भागापासून बनले यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. जीवशास्त्रातला इतका जुना आणि इतका रसरशीत वाद क्वचितच सापडेल. विद्यार्थी, शिक्षक आणि निसर्ग पाहणारी मंडळी याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे घेतले आहेत.

कीटक पहिल्यांदा कधी उडाले?

बहुधा ४० कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळाच्या सुरुवातीला. हा आकडा जनुकांच्या तुलनेतून आला आहे. २०१४ मध्ये बेर्नहार्ड मिसोफ आणि जगभरातल्या सहकाऱ्यांनी कीटकांच्या सगळ्या मोठ्या गटांची जनुकं एकत्र मांडून वंशवृक्ष तयार केला. त्यानुसार कीटक सुमारे ४७.९ कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाले आणि उडणं सुमारे ४०.६ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं. अशा आकड्यांना मागेपुढे बरीच मोकळीक असते, हे लक्षात ठेवायला हवं.

उडणारे सरीसृप, म्हणजे टेरोसॉर, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे. पक्षी साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि वटवाघळांचे जुने सांगाडे पाच कोटी वर्षांच्या थोडे आधीचे. म्हणजे किमान दहा कोटी वर्षं आकाशात कीटकांशिवाय स्वतःच्या बळावर उडणारं दुसरं कोणीही नव्हतं.

सर्वांत जुना पंखवाला जीवाश्म कोणता?

निर्विवाद पंख दिसतात ते सुमारे ३२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत. जर्मनीतल्या बिटरफेल्डजवळ मिळालेला डेलिट्झशाला हा त्यांतला एक. आणि तो पंख अर्धाकच्चा नाही! शिरा, आकार, सगळं तयार आहे. म्हणजे खरी घडण त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती.

त्याआधीचा एक दावेदार स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या गारगोटीसारख्या खडकातला आहे, सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा. नाव ऱ्हायनिओग्नाथा. शिल्लक आहे ते जेमतेम डोक्याचा भाग आणि जबडे. मायकेल एंगेल आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी २००४ मध्ये जबड्याच्या सांध्यांवरून म्हटलं की हा पंखवाल्या कीटकांच्या जवळचा असावा. २०१७ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तोच नमुना पाहून तो गोमेच्या कुळातला असावा असं मत दिलं. मला विचाराल तर एवढ्याशा जबड्यावर पंखांचा इतिहास उभा करू नये.

मग मधल्या काळातले जीवाश्म कुठे आहेत?

हीच सर्वांत मोठी अडचण आहे. साधारण ३८.५ ते ३२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या सहा कोटी वर्षांत कीटकांचे जीवाश्म जवळजवळ मिळतच नाहीत. पंख घडत होते, पसरत होते, तो काळ नेमका हाच किंवा याच्या लगतचा. हवेत प्राणवायू कमी असल्यामुळे कीटकच कमी होते, असं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. पण प्राणवायूचे नवे अंदाज त्याला फारसा दुजोरा देत नाहीत. दुसरं स्पष्टीकरण मला अधिक पटतं. बिनपंखी कीटक थोडे होते, जमिनीवरच्या पालापाचोळ्यात राहत होते, आणि त्यांचं अंग पटकन कुजून जात होतं. पंख आल्यावर संख्या वाढली, पंख पाण्यात पडून गाळात दबू लागले, आणि मग एकदम जीवाश्मांची रेलचेल झाली.

महाराष्ट्रात असे जीवाश्म मिळू शकतील का?

पहिल्या पंखांचे मिळणार नाहीत. राज्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टने झाकला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. चंद्रपूरकडचे कोळशाचे थर पर्मियन काळातले, म्हणजे ३० कोटी वर्षांच्या अलीकडचे. तोवर कीटक उडण्यात पक्के मुरले होते.

पंख एकदाच आले की वेगवेगळ्या कीटकांना वेगवेगळे?

एकदाच. चतुर, झुरळ, फुलपाखरू, डास, मधमाशी यांच्या पंखांवरच्या मुख्य शिरांचा क्रम एकमेकांशी जुळवता येतो, पंख जिथे धडाला जोडला जातो तिथले बारीक तुकडेही जुळतात, आणि जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षात सगळे पंखवाले एकाच फांदीवर येतात. ज्यांच्या घराण्यात पंख कधीच आले नाहीत असे कीटक आजही आहेत. जुन्या पुस्तकांत सुळकन पळणारी चंदेरी कसर हे आपल्या ओळखीचं उदाहरण. दगडांखाली आणि झाडांच्या सालींवर राहणारे ब्रिसलटेल हे दुसरं. पंखांआधीचा कीटक कसा असेल याची कल्पना करायची तर या दोघांकडेच पाहावं लागतं.

कीटकाचा पंख नेमका बनतो कसा?

कातडीच्या दोन पदरांचा. त्वचेची एक घडी बाहेर येते, तिचे वरचे आणि खालचे पदर एकमेकांना चिकटतात, मधल्या पेशी शेवटी मरतात आणि कायटिनचा पातळ पडदा उरतो. शिरांमधून कीटकाचं रक्त, श्वासनलिका आणि चेतातंतू जातात. पंखाच्या पात्यात एकही स्नायू नसतो. त्याला हलवणारे सगळे स्नायू धडात असतात.

नाकतोड्याच्या पिल्लाच्या पाठीवर पंखांचे छोटे कोंब दिसतात. दर कात टाकताना ते वाढतात आणि शेवटच्या कातीनंतर रक्ताच्या दाबाने पूर्ण उलगडतात. पंख आल्यावर कीटक पुन्हा कात टाकत नाही. अपवाद फक्त मेफ्लायचा. नदीकाठी दिव्यांभोवती ढिगाने जमणारा हा नाजूक कीटक पंख फुटल्यावरही एकदा कात टाकतो.

पंख पाठीपासून आले असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा काय?

कीटकाच्या धडाच्या प्रत्येक भागावर पाठीची एक कडक पट्टी असते. कसरीच्या पाठीकडे भिंगातून पाहिलं तर या पट्ट्यांच्या कडा दोन्ही बाजूंना छपरासारख्या थोड्या पुढे आलेल्या दिसतात. याच कडा रुंद होत गेल्या, पडताना तरंगायला उपयोगी पडल्या, नंतर त्यांच्या मुळाशी सांधा आला आणि त्या फडफडू लागल्या, असा हा विचार.

त्याची सुरुवात करणाऱ्यांत फ्रिट्झ म्युलर हे नाव ठळक आहे. जर्मनीतून ब्राझीलमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या या निसर्गअभ्यासकाने १८७० च्या दशकात वाळवीच्या पिल्लांचं निरीक्षण केलं. पंख येणाऱ्या पिल्लांच्या पाठीवरचे कोंब कडेच्या सपाट वाढीसारखे दिसतात, आणि काही जातींत पहिल्या धडखंडावरही (धडाच्या तीन भागांपैकी डोक्यालगतच्या, जिथे पंख येत नाहीत) तशीच वाढ असते, हे त्याच्या नजरेत भरलं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून थवेच्या थवे बाहेर येतात ती पंखवाली वाळवी याच पिल्लांची पुढची अवस्था.

या मताचा कच्चा दुवा सांधा हा आहे. पाठीची कडा हा निव्वळ पत्रा. त्याला बिजागर आणि स्नायू आले कुठून, याचं उत्तर देताना हे मत अडखळतं.

आणि कल्ल्यांपासून आले असं म्हणणारे?

त्यांना सांधा फुकटात मिळतो. कार्ल गेगेनबाउर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८७० मध्ये मेफ्लायच्या पिल्लांच्या पोटाकडे बोट दाखवलं. पाण्यात राहणाऱ्या या पिल्लांच्या उदराच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले असतात, आणि कित्येक जातींत ते सतत वरखाली हलतात. धडावरचे असेच कल्ले पंख झाले असतील तर हलण्याची सोय आधीपासूनच होती. विसाव्या शतकात ब्रिटिश शरीरक्रियातज्ज्ञ विन्सेंट विगल्सवर्थ यांनी ही कल्पना पुन्हा उचलून धरली, आणि यार्मिला कुकालोव्हा-पेक यांनी कार्बोनिफेरस काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) जीवाश्मांच्या आधारे तिला नवं रूप दिलं. त्यांच्या मते पायाच्या अगदी मुळाशी एक बाहेरची शाखा असायची. कोळंबीच्या पायांच्या मुळाशी कल्ले असतात तशी. तीच वर सरकून पंख झाली.

१९९७ मध्ये मिखालिस अवेरॉफ आणि स्टीफन कोहेन यांनी या मताला जनुकांचा आधार दिला. फळमाशीच्या पंखासाठी अत्यावश्यक असणारी दोन जनुकं त्यांनी कवचधारी, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कुळातल्या प्राण्यांत शोधली. ती आर्टेमियात पायांच्या कल्ल्यासारख्या शाखेत सक्रिय सापडली. कोळंबीची बीजं वाढवणाऱ्यांना आर्टेमिया चांगला ओळखीचा आहे, कारण पिल्लांना तोच खाऊ घालतात.

या मताचा कच्चा दुवा पंखाच्या पात्यात आहे. पंखाचा पडदा थेट पाठीच्या पट्टीला जोडलेला असतो. पायाची शाखा इतकी वर चढून पाठीत कशी मिसळली?

दोघांचंही थोडं थोडं खरं असू शकेल का?

गेल्या दोन दशकांत हेच मत सर्वांत जोरात पुढे आलं आहे. रशियन जीवाश्मतज्ज्ञ अलेक्झांडर रास्निट्सिन यांनी १९८१ मध्येच दुहेरी उगमाची शक्यता मांडली होती, पण तपासायला हत्यार नव्हतं. ते जनुकशास्त्राने दिलं.

२०१० मध्ये नाओ निवा आणि सहकाऱ्यांनी ब्रिसलटेलच्या वाढत्या भ्रूणात पंखांची जनुकं शोधली. पंखच नसलेल्या कीटकात ती काय करत असतील? काही पाठीच्या पट्टीच्या कडेला सक्रिय होती, काही पायाच्या मुळाशी असलेल्या काट्यासारख्या शाखेत. दोन्ही जागा, दोन्ही जुन्या मतांच्या.

मग आला पिठातला तांबडा भुंगेरा. रवा-मैद्याचा डबा बरेच दिवस उघडला नाही की सापडतो तोच, ट्रायबोलियम. प्रयोगशाळेत तो फळमाशीइतकाच लाडका आहे. त्याच्या पहिल्या धडखंडावर पंख नसतात. २०१३ मध्ये कोर्टनी क्लार्क-हॅक्टेल, डेव्हिड लिन्झ आणि योशिनोरी तोमोयासू यांनी 'व्हेस्टिजियल' नावाचं पंखाचं जनुक या भुंगेऱ्यात दाबलं. पंख गेले, हे अपेक्षित होतं. पण पहिल्या धडखंडावरच्या दोन वेगळ्या गोष्टीही बिघडल्या: पाठीच्या ढालीची कडा, आणि पायाच्या मुळाजवळच्या बाजूच्या पट्ट्या. म्हणजे पंखाचे दोन भाऊबंद या बिनपंखी खंडावर शेजारी शेजारी, पण सुटे राहत होते.

यापुढचं पाऊल मला या साऱ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. पहिल्या खंडावर पंख येऊ न देणारं एक जनुक आहे. ते दाबलं की भुंगेऱ्याला तिथेही पंखासारखी वाढ फुटते. ही वाढ कशापासून बनते ते त्यांनी पाहिलं. ढालीची कडा आणि बाजूच्या पट्ट्या या दोन्ही एकत्र येऊन ती बनत होती. एकाने पातं दिलं, दुसऱ्याने सांधा आणि स्नायूंची जोड दिली असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. २०१७ मध्ये याकुब प्रोकोप आणि सहकाऱ्यांनी कार्बोनिफेरस काळातल्या पिल्लांच्या पंखकोंबांचे जीवाश्म बारकाईने तपासले, आणि त्यांनाही पाठीची पट्टी व बाजूचा भाग यांचा संयोगच दिसला.

कवचधारी प्राण्यांवरच्या प्रयोगांची इतकी चर्चा का झाली?

कारण त्यांनी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला. आधी पार्श्वभूमी. कोळंबी, खेकडे आणि कीटक हे चुलतभाऊ आहेत असं पूर्वी शिकवलं जायचं. आता जनुकांवरून स्पष्ट झालं आहे की कीटक हे कवचधारींच्या कुळाच्या आतच जन्माला आलेले आहेत. त्यामुळे पंखाचा कच्चा माल कवचधारींच्या अंगावर शोधणं रास्त ठरतं.

पारहायेल हा समुद्रात राहणारा, नखाहून लहान कवचधारी. २०२० मध्ये हेदर ब्रूस आणि निपम पटेल यांनी त्याच्या पायांची घडण ठरवणारी पाच जनुकं क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राच्या साहाय्याने एकेक करून बंद पाडली आणि पायाचा कोणता भाग नाहीसा होतो ते नोंदलं. संधिपाद प्राण्याच्या पायाला उसाला असतात तशी पेरं असतात. कीटकाच्या पायाला सहा, पारहायेलच्या पायाला सात. ही पेरं एकमेकांशी कशी जुळवायची यावर शंभर वर्षांत एकमत नव्हतं. ब्रूस आणि पटेल यांनी टोकाकडून मोजायला सुरुवात केली, तर कीटकाची सहा पेरं पारहायेलच्या टोकाकडच्या सहा पेरांशी बरोबर जुळली. मग सातवं पेर कीटकात गेलं कुठे? त्यांचं उत्तर असं: ते धडाच्या भिंतीत मुरलं. मूळच्या पूर्वजाला आठ पेरं असावीत. आठवं पेर पारहायेलमध्येही भिंतीत मुरलेलं आहे, कीटकात सातवं आणि आठवं दोन्ही मुरली. आणि त्या पेरांवरच्या चपट्या शाखा भिंतीबरोबर वर सरकत पाठीपर्यंत पोहोचल्या. पंख तिथून आला.

पाहा, यात जुनी भांडणं कशी विरघळतात. पंख पाठीपासून आला असं म्हणणारे बरोबर, कारण तो पाठीला जोडलेला आहे. पायापासून आला म्हणणारेही बरोबर, कारण पाठीची ती कडाच कधीकाळी पायाचा भाग होती. कीटकाच्या धडाची भिंत ही काही अंशी गिळलेला पाय आहे, ही कल्पना एकदा मनात बसली की झुरळाकडेही वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

म्हणजे प्रश्न सुटला?

नाही. त्याच वर्षी क्लार्क-हॅक्टेल आणि तोमोयासू यांनी त्याच पारहायेलवर पंखाच्या जनुकांचा अभ्यास केला आणि त्यांना पंखाशी नातं सांगणाऱ्या दोन जागा सापडल्या: पाठीच्या पट्टीची कडा आणि पायाच्या मुळावरची चपटी पाटी. त्यांच्या दृष्टीने हे दुहेरी उगमाशी जुळतं. २०२२ मध्ये जपानमधल्या तकाहिरो ओहदे आणि सहकाऱ्यांनी रातकिड्याच्या पिल्लांत पंख वाढताना कोणत्या पेशी कुठून येतात ते पाहिलं, आणि पंखाचा मुख्य भाग पाठीच्या बाजूच्या कडेपासूनच येतो असा निष्कर्ष काढला.

मतभेद आता कमी उंचीचे राहिले आहेत. पंख अगदी शून्यातून उगवलेला नवा अवयव आहे, असं म्हणणारे आता कमी उरले आहेत. वाद आहे तो कोणत्या जुन्या भागाने किती वाटा दिला याचा.

अर्धा पंख कशाला उपयोगी?

हा प्रश्न डार्विनच्या हयातीतलाच. सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये आक्षेप घेतला की एखादा अवयव पूर्ण होईपर्यंत निरुपयोगी असेल तर नैसर्गिक निवड त्याला टिकवेल कशी? डार्विनच्या उत्तराचा गाभा असा की अवयव सुरुवातीला एका कामासाठी टिकतो आणि पुढे दुसऱ्याच कामाला लागतो. कीटकांच्या पंखांच्या बाबतीत हे पहिलं काम कोणतं, याच्या तीन उत्तरांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत.

एक, ऊब. १९८५ मध्ये जोएल किंगसॉल्व्हर आणि मिमी कोएल यांनी कीटकांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजमाप केलं. अगदी छोट्या पंखांचा हवेत तरंगायला फायदा होत नव्हता, पण उन्हात अंग तापवायला होत होता. एका मर्यादेपुढे पंख मोठे झाले की ऊब वाढेना, मात्र हवेतली पकड वाढू लागली. कीटकाचं शरीर मोठं होत गेलं की पंखही त्याच प्रमाणात मोठे होऊन आपोआप ती मर्यादा ओलांडतील, असं त्यांचं म्हणणं.

दोन, पडताना दिशा सांभाळणं. हे उत्तर मला सर्वांत भक्कम वाटतं, कारण यासाठी पंख लागतच नाहीत. स्टीफन यानोव्हियाक, रॉबर्ट डडली आणि मायकेल कास्पारी यांनी २००५ मध्ये दाखवलं की पावसाळी जंगलातल्या उंच झाडांवरून पडणाऱ्या बिनपंखी कामकरी मुंग्या हवेत वळून पुन्हा त्याच झाडाच्या खोडावर उतरतात. २००९ मध्ये झाडावर राहणाऱ्या ब्रिसलटेलनेही तेच करून दाखवलं. त्याच्या शेपटीची मधली लांब दोरी कापली की दिशा धरण्याची क्षमता घटली. उडण्याच्या कितीतरी आधी हवेत सुकाणू होतं. अशा प्राण्याच्या पाठीची कडा केसभर जरी रुंद झाली, तरी तिचा उपयोग पहिल्याच पिढीत होतो.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती बुटक्या होत्या. ऱ्हायनीतल्या तर वीतभर, फार तर गुडघ्यापर्यंतच्या. कित्येक मीटर उंचीची झाडं सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात. तेव्हा एक तर जनुकांनी दिलेली तारीख थोडी अलीकडे आणावी लागेल, नाहीतर सुरुवात उंचावरून पडण्याऐवजी उडी मारण्यातून झाली असं धरावं लागेल. ब्रिसलटेल उत्तम उड्या मारतात, म्हणून दुसरी वाट अशक्य नाही.

तीन, पाण्यावरून घसरत जाणं. जेम्स मार्डन आणि मेलिसा क्रेमर यांनी १९९४ मध्ये स्टोनफ्लाय नावाच्या ओढ्याकाठच्या कीटकांचं वर्णन केलं. त्यांचे पंख इतके कमजोर की हवेत उचलता येत नाहीत, पण सहा पाय पाण्यावर ठेवून पंख फडफडवत ते पुढे सरकतात. दृश्य विलक्षण आहे. मात्र हे कीटक चांगल्या उडणाऱ्यांचे वंशज आहेत, त्यामुळे ही कमजोरी नंतर आलेली असण्याचा संभव जास्त.

पंख पाण्यात राहणाऱ्या कीटकांना आले की जमिनीवरच्या?

जमिनीवरच्या, असं आजचे पुरावे सांगतात. कसर आणि ब्रिसलटेल दोघंही जमिनीवरचे. सगळे कीटक श्वासनलिकांनी हवा घेतात, आणि मेफ्लाय व चतुरांची पिल्लं पाण्यात गेली ती नंतर. २०१९ मध्ये नाकतोडे, झुरळं, स्टोनफ्लाय वगैरेंच्या वंशवृक्षावर झालेल्या मोठ्या अभ्यासातही पंखवाल्यांचा पूर्वज जमिनीवर राहणारा होता असंच निघालं. कल्ल्यांच्या जुन्या मताला हा मोठा धक्का. पण पायाची शाखा हा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही, कारण अशी शाखा असायला पाण्यात राहावंच लागतं असं नाही.

पंखांच्या दोनच जोड्या का?

पूर्वी तिसरी जवळजवळ होती. कार्बोनिफेरस काळातल्या पॅलिओडिक्टिओप्टेरा गटातल्या कीटकांच्या पहिल्या धडखंडावरही छोटे, शिरा असलेले पंखांसारखे पडदे होते. ते फडफडत नसावेत. पुढे ते गेले.

आजही पंख न येऊ देण्याचं काम सतत चालू असतं. पहिल्या खंडावर एससीआर हे जनुक पंख दाबतं, पोटावर अल्ट्राबायथोरॅक्स आणि त्याचं भावंड. एडवर्ड लुईस यांनी फळमाशीत अल्ट्राबायथोरॅक्सचे दोष एकत्र आणून चार पंखांची माशी तयार केली होती. माशीला एरवी दोनच पंख असतात, मागची जोडी तोल सांभाळणाऱ्या दोन गोळ्यांमध्ये बदललेली असते. त्या गोळ्यांच्या जागी पुन्हा पंख आले. या संशोधनासाठी लुईस यांना १९९५ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

बाभळीवरच्या शिंगवाल्या किड्याचं शिंग म्हणजे तिसरी पंखजोडी आहे का?

नाही. बाभळीच्या फांद्यांना चिकटून रस पिणारा, पाठीवर शिंगं मिरवणारा छोटा किडा आपल्याकडे सर्रास दिसतो. त्याच्या परदेशी भावंडांची शिंगं तर चेंडू, काटे, मुंगी अशा आकारांची असतात. २०११ मध्ये ही शिंगं म्हणजे पहिल्या खंडावर परतलेले पंख आहेत असा दावा झाला आणि खूप गाजला. लगेच शरीररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती पाठीच्या ढालीची वाढ आहे, पंखासारखा सांधा तिथे नाही. पुढे २०२० मध्ये जनुकांची तपासणी झाली तेव्हा पंखांची जनुकं शिंगात वापरली गेल्याचं मात्र खरं निघालं. अवयव पंख नाही, जनुकांची पद्धत पंखांकडून उसनी घेतलेली.

ढेकूण, ऊ, पिसू, मुंग्या यांना पंख का नाहीत?

त्यांनी ते गमावले. यजमानाच्या केसांत किंवा पलंगाच्या फटीत राहायचं तर पंख अडचणच. मुंग्यांमध्ये राणी आणि नर यांना पंख असतात, राणी उड्डाणानंतर ते स्वतः मोडून टाकते. वाळवीच्या पंखांच्या मुळाशी तर मोडण्यासाठी ठरलेली रेघच असते.

गेलेले पंख परत येतात का?

काडीकिड्यांबद्दल २००३ मध्ये मायकेल व्हायटिंग आणि सहकाऱ्यांनी तसं म्हटलं. त्यांच्या वंशवृक्षात बिनपंखी पूर्वजांपासून पंखवाले वंशज आलेले दिसत होते. यावर अजून वाद आहे. पंख फक्त गेलेच आणि वेगवेगळ्या फांद्यांवर अनेकदा गेले, असंही त्याच वंशवृक्षाचं वाचन करता येतं.

चतुर पंख मिटून पाठीवर का ठेवत नाही?

त्याला जमतच नाही. चतुर, टाचण्या आणि मेफ्लाय हे जुन्या धाटणीचे. बाकी जवळपास सगळ्यांच्या पंखाच्या मुळाशी एक छोटा कडक तुकडा आणि त्याला जोडलेला स्नायू असतो, त्याने पंख मागे ओढून पाठीवर आडवा ठेवता येतो. यामुळे कीटकांना सालीखाली, मातीत, धान्यात शिरता आलं. भुंगेऱ्यांनी तर पुढच्या पंखांचं कवचच केलं. माझ्या मते उडण्यानंतरची सर्वांत मोठी झेप हीच.

पूर्वीचे चतुर खरंच कावळ्याएवढे होते का?

पंखांच्या पसाऱ्याने, जवळपास. फ्रान्समधल्या कोमांत्री इथल्या कोळशाच्या खाणीत मिळालेल्या आणि शार्ल ब्राँन्यार यांनी १८८५ मध्ये नाव दिलेल्या मेगान्यूराचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ६५ सेंटीमीटर भरतात. अमेरिकेतल्या पर्मियन काळातल्या त्याच्या नातलगाचे ७० सेंटीमीटरच्या आसपास. ते आजच्या चतुरांचे सख्खे पूर्वज नाहीत, जवळच्या घराण्यातले आहेत. त्यांचा पंखांच्या उगमाशी थेट संबंध नाही, ते कित्येक कोटी वर्षं नंतरचे.

कोणता पुरावा मिळाला तर हा वाद मिटेल?

सर्वांत आधी, त्या रिकाम्या सहा कोटी वर्षांतला एखादा अख्खा जीवाश्म. पाठीची कडा रुंद झालेली, मुळाशी सांधा आहे की नाही हे स्पष्ट दिसणारा. ऱ्हायनीसारख्या खडकात पेशींइतके बारीक तपशील टिकतात, म्हणून डेव्होनियन काळातली अशी दुसरी ठिकाणं शोधणं चालू आहे.

दुसरं, मेफ्लाय. जिवंत पंखवाल्यांत सर्वांत जुन्या फांद्यांपैकी ही एक, आणि एकाच पिल्लाच्या अंगावर कल्ले आणि पंखकोंब दोन्ही असतात. स्पेनमधल्या इसाबेल अल्मुदी आणि सहकाऱ्यांनी क्लोएऑन ही जात प्रयोगशाळेत वर्षभर वाढवण्याची पद्धत बसवली आणि २०२० मध्ये तिचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. कल्ल्यांत आणि पंखांत बरीच जनुकं समान सक्रिय असल्याचं त्यात दिसलं. आता एकेक जनुक बंद करून पिल्लाच्या पाठीवर काय बदलतं आणि पोटावर काय बदलतं, हे शेजारी शेजारी पाहता येईल. तिसरं म्हणजे कसर आणि ब्रिसलटेल यांच्यावर तेच प्रयोग. त्यांची वाढ मंद असते, प्रयोगशाळेत पिढ्या घ्यायला वेळ लागतो, म्हणून इथे माहिती अजून तुटपुंजी आहे. पण पंखांच्या आधीचा पाया ज्यांच्या अंगावर आजही उघडा आहे, असे हे दोघंच उरले आहेत.